हौशी गिटारवादकाच्या चौसष्ट कॅसेटी

गेल्या पावसाळ्यात चिंचोटीच्या एका स्नेह्यांनी कॅसेटींनी भरलेले पत्र्याचे एक खोके आमच्या स्वाधीन केले. आपले नाव कोठेही येऊ नये, ही त्यांची एकमेव अट. ती आम्ही पाळतो. राष्ट्रीय महामार्गावरून भिवंडीचा रस्ता जेथे फुटतो तेथून त्यांचे घर हाकेच्या अंतरावर आहे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी कारखान्यात फिटर म्हणून काढली आणि त्या वर्षांतल्या बहुतेक रात्री गिटार वाजवण्यात घालवल्या. धर्मग्रामाच्या गायकवृंदाखेरीज ते कोठे वाजवायला गेले नाहीत, व्यासपीठ त्यांना ठाऊक नाही. खोक्यात चौसष्ट कॅसेटी निघाल्या. सर्वांत जुनी १९८४ सालची, शेवटची २००३ ची. सोबत एक वही, तिच्यात प्रत्येक कॅसेटीचा क्रमांक आणि आतला मजकूर त्यांनी सुवाच्य अक्षरांत नोंदवला आहे. या वहीकडे आम्हांला पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

आपल्या नियतकालिकांतून कवितासंग्रहांची समीक्षा होते, नाटकांची होते, क्वचित भक्तिगीतांच्या ध्वनिफितींचीही होते. हौसेची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. हौशी माणसाचे एक तर कौतुक करायचे, नाही तर ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून ते सोडून द्यायचे, अशी आपली रीत आहे. ती आम्हांला मान्य नाही. ज्या कामाला माणसाने चाळीस वर्षे दिली ते काम गंभीरपणे तपासून घेण्याइतका त्याचा मान असतोच. म्हणून त्या चौसष्टच्या चौसष्ट कॅसेटी आम्ही ऐकल्या. काहींची फीत चिकटली होती, दोन तुटल्या आणि जोडाव्या लागल्या.

गिटार हे वाद्य आपल्या घरांत इतके रुळले आहे की ते कधी काळी देवळाच्या दाराबाहेर उभे होते याचा आपल्याला विसर पडतो. तसे पाहिले तर नाताळचे सर्वांत लाडके गीत, ‘सायलेंट नाइट’ या नावाने आपण ओळखतो ते, २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या देवळात प्रथम गायिले गेले ते गिटारच्याच साथीवर. शब्द फादर योझेफ मोर यांचे, चाल शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांची. गिटार फादर मोर यांनीच वाजवली. (उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट नाताळच्या प्रवचनांत शोभून दिसते, पण ती मागाहून रचलेली आहे.) पुढे १९०३ साली पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीतावर जे आज्ञापत्र काढले, त्यात देवळात पियानोलासुद्धा मनाई केली. मग १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. त्यात ऑर्गनचे श्रेष्ठत्व कायम ठेवून, पवित्र कार्याला साजतील अशा इतर वाद्यांना स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने प्रवेश दिला, आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीत परंपरेला योग्य मान द्यावा असेही सांगितले. या दोन गोष्टींपैकी पहिली आपण तत्परतेने अमलात आणली. दुसरीचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल.

गायकवृंदात आलेली गिटार नेहमी तीन कॉर्ड घेऊन आली. सी, एफ आणि जी. हे आम्ही हिणवून म्हणत नाही. मातृभाषेत मिस्सा सुरू झाल्यानंतर जी नवी गीते रचली गेली, त्यांतली पुष्कळशी याच स्वरमेळांवर उभी आहेत आणि तेथे गिटार आपल्या घरीच असते. आमच्या स्नेह्यांचे पहिले शिक्षण हेच. कलकत्त्याकडे बनलेली एक स्वस्त गिटार, तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच की बोटांना घट्टे पडावेत, आणि गायकवृंदातल्या एका थोरल्या मुलाने कागदावर काढून दिलेल्या ठिपक्यांच्या आकृत्या. महिन्याभरात मिस्सेला साथ करता येऊ लागली. आपली बहुसंख्य मुले येथेच थांबतात आणि गिटार खुंटीला लागते.

हे थांबले नाहीत, कारण एका नातेवाइकाकडे जुन्या धाटणीचा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्यावर तीन नव्हे, चार वेग होते. सर्वांत संथ वेग मिनिटाला सोळा फेऱ्यांचा. तेहतीस फेऱ्यांची तबकडी या वेगावर लावली की संगीत निम्म्या गतीने चालते आणि बरोबर एक सप्तक खाली उतरते. झर्रकन निघून जाणारी स्वरांची ओळ पायरी पायरीने उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी समोर येते. गिटारवर ती एक सप्तक वर चढवून वाजवायची, की झाले. जगभरच्या असंख्य हौशी वादकांचा गुरू हाच वेग होता. आज मोबाइलवर सूर न उतरवता गती कमी करता येते. सोय मोठी आहे, पण सोळाच्या वेगात ऐकणाऱ्याला मनातल्या मनात सप्तक बदलण्याची जी सवय लागत असे, ती आता लागत नाही.

गोव्याच्या धर्मग्रामांतल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. ‘अमर अकबर अँथनी’तल्या १९७७ च्या गमतीदार गाण्यामुळे ज्यांचे नाव घरोघरी पोचले ते माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे खरोखरीचे गुरू होते, आणि त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, हे गाणे गुणगुणणाऱ्या किती जणांना माहीत असते? वसईत पोर्तुगीज सत्ता १७३९ साली संपली; गोव्याइतकी अखंड अशी संगीतशिक्षणाची परंपरा आपल्याला लाभली नाही. आपला हौशी वादक म्हणून कानावर वाढतो. त्यात तोटा आहे, तसा एक नफाही आहे, जो आमच्या स्नेह्यांना फार उशिरा कळला.

आता कॅसेटींविषयी. पहिल्या वीस-बावीस कॅसेटी ऐकणे ही तपश्चर्या आहे. सारे अनुकरण, तेही घाईचे. शेजारच्या दोन टेपरेकॉर्डरांवर स्वतःचीच जोडसाथ तयार करण्याचा उद्योग त्यांनी १९८६ च्या सुमारास आरंभला. एका यंत्रावर आधी मुद्रित केलेली साथ लावायची, तिच्याबरोबर आपण वाजवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर टिपायचे. अमेरिकेत लेस पॉल यांनी १९४८ साली तबकड्यांवर हेच करून लोकांना थक्क केले होते. फरक इतका की कॅसेटीची फीत अरुंद आणि तिची चाल सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच. प्रत्येक फेरीत खरखर वाढते आणि वरचे चमकदार स्वर झिजतात. तिसऱ्या फेरीनंतर गिटार गोणपाटात गुंडाळून वाजवल्यासारखी ऐकू येते. पाठीमागे महामार्गावरचे ट्रक आहेत, पत्र्यावरचा पाऊस आहे, एकदा तर जेवायला बोलावणारा घरातला आवाज आहे.

तरीही या ध्वनिमुद्रणाचे मोल आम्ही कमी मानीत नाही. वाजवताना माणूस स्वतःला ऐकत नसतो. त्याला जे वाजवायचे आहे तेच त्याच्या कानी असते. दुसऱ्या दिवशी फीत लावली की बोटांचा खोटेपणा उघडा पडतो. कॅसेट क्रमांक सतरामध्ये एकच आठ मात्रांची ओळ त्यांनी एकोणीस वेळा वाजवली आहे. बाराव्या वेळेपर्यंत ते तीच चूक तितक्याच आत्मविश्वासाने करतात. तेराव्या खेपेस मध्येच थांबतात. फितीवर काही सेकंद नुसती शांतता आहे. त्यानंतरचे वादन निराळे आहे. ते सावकाश आहे आणि खरे आहे. पुढे मात्र त्यांच्या हातून एक चूक झाली, जी बहुतेक हौशी वादकांच्या हातून होते: बिघडलेले वादन पुसून टाकायचे आणि बरे तेवढेच ठेवायचे. तिसाव्या कॅसेटीनंतर असा संकोचलेला नीटनेटकेपणा दिसतो आणि ऐकणाऱ्याचा उत्साह मावळतो.

संगीत शोधण्याची हौस तेथून सुरू होते. दर महिन्याला लोकलने मुंबईला जायचे, धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानातून तारा घ्यायच्या, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (ते २०१६ साली बंद झाले) तासभर कॅसेटी चाळून एखादीच विकत घ्यायची. आखातात नोकरीला असलेल्या भावाने पाठवलेल्या कॅसेटींत त्यांना जॉन विल्यम्स यांनी १९७७ साली वाजवलेल्या आगुस्तीन बारिओस यांच्या रचना मिळाल्या आणि वहीची पुढची दहा पाने त्या एका माणसाने भरली.

बारिओस हे नाव आपल्या वाचकांनी ऐकले नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जन्म १८८५ साली पॅराग्वे देशात, जेथे पूर्वी येशूसंघीयांची मिशने होती त्या मुलखात. आतड्याच्या तारा प्रतिष्ठित मानल्या जाण्याच्या काळात हा माणूस पोलादी तारा लावून वाजवीत असे, म्हणजे आपल्याकडच्या स्वस्त गिटारवर असतात तशाच. त्याबद्दल पुष्कळांनी नाके मुरडली. १९१० नंतरच्या काही वर्षांतच त्यांनी आपले वादन तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली. अभिजात गिटारवादकांत ते अगदी पहिल्यांपैकी. १९२१ सालच्या ‘ला कातेद्राल’ या रचनेत मोंतेविदेओच्या महामंदिराचा घुमार आहे: आधी आतल्या शांत, भारदस्त स्वरमेळांची मिरवणूक, मग दाराबाहेरच्या रस्त्याची लगबग. १९४४ साली सान साल्वादोरमध्ये त्यांचे निधन झाले. देवाच्या नावाने मागितलेली भिक्षा अशा अर्थाचे शीर्षक असलेली त्यांची शेवटची रचना आहे. तिच्या खालच्या तारांवर भिकाऱ्याने दार ठोठावल्यासारखे दोन स्वर पुनःपुन्हा येतात. हातांनी लिहिलेले त्यांचे पुष्कळ कागद विखुरले. कित्येक रचना आज वाजवल्या जातात त्या केवळ जुन्या तबकड्यांची खरखर सोसून कोणीतरी त्या कानाने उतरवून घेतल्या म्हणून. आमच्या स्नेह्यांनी हे सारे वहीत टिपले आहे: रचनेचे नाव, साल, वादक, कोणत्या कॅसेटीवर, कितव्या मिनिटाला.

याच वहीत क्रमांक एकेचाळीसपुढे एकच शब्द आहे: ‘गाणी’.

ती गाणी त्यांच्या गासच्या मावशींची. १९८८ साली घरातल्या एका लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात बसून त्यांनी आणि सोबतच्या चार-पाच बायकांनी आपल्या कादोडी बोलीतली लग्नगीते म्हटली आणि भाच्याने टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून ती टिपली. पुढच्या वर्षी त्यांतले एक गाणे त्यांनी गिटारवर ‘बसवले’ आणि मोठ्या हौसेने मावशींना ऐकवले. ही बसवलेली आवृत्ती क्रमांक चव्वेचाळीसवर आहे. मावशींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, वाजवलंस गोड बाबा, पण हे गाणं माझं नाही.

आम्ही ती आवृत्ती अनेकदा ऐकली. मावशींचा अभिप्राय हाच तिच्यावरचा सर्वांत नेमका अभिप्राय आहे. आम्ही फक्त त्याची कारणे देऊ शकतो. पहिले कारण लयीचे. ही गीते श्वासावर चालतात. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती परतवतात, आणि ओळीचा शेवटचा स्वर ज्याच्या-त्याच्या दमाप्रमाणे लांबतो. गिटारचा हात चार-चार मात्रांनी खालीवर होतो. त्याला थांबणे ठाऊक नाही. परिणामी ओळीची शेपटी प्रत्येक वेळी कापली गेली आहे. दुसरे कारण सुरांचे. चार-पाच स्वरांच्या टप्प्यात फिरणाऱ्या या चालीतला गंधार शुद्ध नाही आणि कोमलही नाही; तो त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, दर ओळीला किंचित सरकत, राहतो. गिटारच्या पडद्यांना अशी सवलत नाही. पासष्ट सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा ३.६५ सेंटिमीटरवर, दुसरा त्याच्यापुढे ३.४४ वर, असे ठरलेल्या प्रमाणात कमी होत बाराव्या पडद्यावर तार बरोबर अर्धी होते. सप्तकाचे बारा समान तुकडे. या हिशेबातला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. सी कॉर्ड छेडली की हा चढा, ठाम गंधार गाण्याच्या मधोमध खांबासारखा उभा राहतो आणि मावशींच्या गंधाराला जागाच उरत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली ती अशाच कारणांसाठी. बंदी अतिरेकी होती आणि पुढे ती सैलही झाली, पण तक्रार खोटी नव्हती.

गोव्याच्या मांडोशी येथे कोणी तुलना करील. मांडो जन्मतःच व्हायोलिन आणि जोडस्वरांच्या संगतीत वाढला. स्वरमेळ त्याच्या रक्तात आहेत. आपली लग्नगीते त्या वळणाची नाहीत. त्यांना कॉर्डचा अंगरखा चढवून ‘सुधारले’ असे समजणे, आणि वसईतल्या कार्यक्रमांतून व ध्वनिफितींतून हे अनेकदा घडले आहे, म्हणजे त्यांच्याकडे स्वतःचे काही नव्हते असे मानणे होय. हा दोष आम्ही एकट्या चिंचोटीच्या वादकावर ठेवीत नाही. अशा कार्यक्रमांना टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो.

मावशी १९९२ साली वारल्या. १९९३ साली ‘ला कातेद्राल’चा सराव टिपण्यासाठी कोरी कॅसेट हाताशी नव्हती, म्हणून एक रात्र त्यांनी खोक्यातली एक जुनी कॅसेट यंत्रात घातली. कॅसेटीच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला तर तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. विकत घेतलेल्या संगीताच्या कॅसेटींना तो नसतोच. क्रमांक एकेचाळीसचा तो शाबूत होता. तीस मिनिटांची बाजू, त्यातली बावीस मिनिटे बारिओसने व्यापली. उरलेल्या आठ मिनिटांत एक गाणे पूर्ण आहे आणि दुसऱ्याची तीन कडवी. गिटारचा शेवटचा स्वर विरतो, खट्ट असा आवाज येतो, आणि एकदम मांडवातल्या बायका गात असतात.

ही जागा आम्ही तीन वेळा ऐकली. चौथ्यांदा ऐकवली नाही.

वहीकडे पुन्हा येतो. परदेशी रचनेपुढे नाव, साल, मिनिट, मावशींपुढे ‘गाणी’. पुसली गेली ती कॅसेट त्या रात्री नव्हे, वहीत नोंद करतानाच पुसली गेली होती. आमच्या स्नेह्यांना आम्ही हे तोंडावर सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, बारिओसच्या तबकड्या कोणीतरी जपल्या म्हणून मी त्याला वाजवू शकलो, एवढे मला ठाऊक होते. आपल्या घरातल्या तबकड्या मीच जपायच्या होत्या, हे डोक्यात आले नाही.

मुंबईत गोव्याच्या कुटुंबात जन्मलेले अमान्सिओ डिसिल्वा हे गिटारवादक त्यांनी अलीकडेच शोधले. डिसिल्वा यांनी लंडनला जाऊन १९६९ साली जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत ‘हम दोनों’ नावाची तबकडी केली. त्यात गोव्याच्या नावाची एक रचना आहे. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्रित केलेली ‘कोंकण डान्स’ ही तबकडी मात्र २००६ पर्यंत बाहेर आली नाही. तोवर डिसिल्वा यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. आमच्या स्नेह्यांना त्यांत जे सापडले ते कॉर्डचे नव्हे. एकेका तारेवर स्वर ओढीत, घसरवीत नेणारी, रागदारीकडे कललेली एकेरी ओळ त्यांनी ऐकली आणि आपली गिटार निराळी लावून पाहिली.

गिटारची सर्वांत जाड तार एक स्वर उतरवली की खालच्या तीन तारांवर षड्ज, पंचम, षड्ज असा तंबोऱ्यासारखा आधार मिळतो. त्यात गंधार नसतो. तो ठरवायचा अधिकार चालीकडे राहतो. वरच्या तारेवर कोमल गंधाराच्या पडद्यावर बोट ठेवून तार आडवी ओढली की मावशींच्या गंधारापर्यंत हळूहळू चढता येते, आणि शेवटचा स्वर दम असेल तितका लांबवता येतो. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी मोबाइलवर टिपलेले ते पूर्ण गाणे आम्हांला ऐकवले. वादन निर्दोष नाही. दोन ठिकाणी बोट घसरले आहे आणि मध्येच एक अवजड ट्रक भिवंडीच्या दिशेने वळतो. या वेळी त्यांनी काही पुसलेले नाही. चौसष्ट कॅसेटींत जे आम्हांला मिळाले नाही ते या चार मिनिटांत मिळाले, असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही पूर्ण विचारांती देत आहोत.

वहीत नवी नोंद आहे. गाण्याची पहिली ओळ, मावशींचे पूर्ण नाव, गाव, लग्नाची तारीख, सोबत गाणाऱ्या बायकांपैकी ज्यांची नावे आठवली त्यांची नावे. दुसऱ्या गाण्याच्या तीन कडव्यांखाली जागा कोरी सोडली आहे. त्या रात्री मांडवात बसलेल्यांपैकी दोघी अजून आहेत. एक गासला आणि एक निर्मळला. चाळीसाच्या उपवासकाळात गाणी म्हणायला त्या तयार होणार नाहीत, म्हणून पास्काचा सण झाल्यावर ते मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जाणार आहेत. गिटार घरी ठेवून.